बॅग सगळ्यात शेवटी: अमेरिकेतल्या नातवंडांकडे एकटीने निघालेल्या आजीसाठी

जानेवारी उजाडला की ठाण्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर कुणी ना कुणी मला गाठतंच. "तुम्ही चारदा जाऊन आलात ना हो, बॅगेत काय काय भरू?" मी उलट विचारते, "नातवंडांच्या शाळेला सुट्टी कधी लागते?" बहुतेकींना ते ठाऊक नसतं. लाडवाचं बेसन मात्र भाजून झालेलं असतं.

बॅग हे शेवटचं काम आहे आणि आपण सुरुवातच तिथून करतो. पहिल्या खेपेला मीही तेच केलं आणि सगळं उलटंपालटं झालं. म्हणून इथे कामं ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने लिहिली आहेत. मधला टप्पा गाळलात तर पुढचा अडतो.

## १. आधी तारीख, तीही नातवंडांच्या शाळेची

आपल्या डोक्यात सुट्टी म्हणजे मे महिना. पहिल्या खेपेला मी एप्रिलच्या शेवटी न्यू जर्सीला पोचले. नातवंडं सकाळी आठला शाळेत, लेक-जावई कामावर. दुपारी साडेतीनपर्यंत मी खिडकीशी बसून खारी मोजायचे. त्यांची शाळा सुटली जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आणि माझं परतीचं तिकीट होतं ३० जूनचं. दोन महिने लाडू वळून शेवटी नातवंडं वाट्याला आली दहा दिवस.

तिकडे सगळ्या राज्यांत सुट्ट्या एकसारख्या नसतात. ईशान्येकडच्या शाळा साधारण जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद असतात. दक्षिणेकडे बऱ्याच ठिकाणी मेअखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच पुन्हा भरतात. शाळेच्या वेळापत्रकाचा फोटो लेकाकडून किंवा लेकीकडून मागवून घ्या. मुलं 'समर कँप'ला जाणार असतील तर कोणत्या आठवड्यात, तेही विचारा. नाहीतर सुट्टी असूनही घर रिकामंच.

सुट्टी लागण्याच्या आठ दिवस आधी पोचायचं, असं माझं गणित आहे. तेवढ्यात झोपेचं घड्याळ ताळ्यावर येतं. परतीची तारीख गौरी-गणपतीच्या निदान आठवडाभर आधीची धरा. ऐन सणाच्या तोंडावर सगळ्यांनाच घर गाठायचं असतं, तेव्हा तिकिटं महागतात.

तपासून घ्या: सुट्टीची पहिली तारीख, शेवटची तारीख आणि कँपचे आठवडे कॅलेंडरवर लिहिलेत का? नसतील तर पुढे वाचू नका.

## २. पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने शिल्लक असू द्या. नसेल तर आधी नूतनीकरण, मग बाकी सगळं.

आपल्याकडची नेहमीची चूक नावात होते. पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, आधारवर ते गाळलेलं, आणि तिकीट काढताना मुलाने लाडाने हाक मारायचं नाव टाकलेलं. पासपोर्टवर जे अक्षरन् अक्षर आहे तेच व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात आणि तेच तिकिटावर. अर्ज मुलगा तिकडे बसून भरणार असेल तर पासपोर्टच्या दोन्ही पानांचा फोटो त्याला पाठवा, फोनवर स्पेलिंग सांगत बसू नका.

पहिल्यांदा व्हिसा काढणाऱ्यांना ठाण्याहून वांद्रे-कुर्ला संकुलात दोन खेपा माराव्या लागतात. एकदा बोटांचे ठसे आणि फोटो, दुसऱ्यांदा वकिलातीत मुलाखत. मुलाखतीची तारीख मिळायला महिनोन्‌महिने लागू शकतात, त्यामुळे पुढच्या उन्हाळ्याचा अर्ज या वर्षीच करा. मोबाइल आत नेता येत नाही. सोबत माणूस असेल तर फोन त्याच्याकडे द्या. मुलाखत मराठीत द्यायची असेल तर सुरुवातीलाच तसं सांगा. अर्ध्या कच्च्या इंग्रजीत गोंधळ घालण्यापेक्षा ते बरं.

"कशाला चाललात?" या प्रश्नाला खरं आणि नेमकं उत्तर द्या: नातवंडांना भेटायला, अमुक तारखेपर्यंत. "मुलं सांभाळायला" असं आपण सहज बोलून जातो, पण पाहुण्याच्या व्हिसावर ते नोकरीसारखं ऐकू येतं. आणि खरोखर पाळणाघर चालवायलाच बोलावलं असेल, तर ते बोलणं घरात आधी झालेलं बरं. त्याबद्दल पुढे सांगते.

खबरदारी: व्हिसा दहा वर्षांचा असला तरी एका खेपेला किती दिवस राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने मिळतात. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. पोचल्यावर ती मुलाकडून ऑनलाइन उघडून घ्या आणि वाचा.

## ३. तिकीट: स्वस्त नको, सोपं हवं

मुलं चार वेबसाइट चाळून सगळ्यात स्वस्त तिकीट काढतात. त्यात दोन ठिकाणी विमान बदलायचं असतं, एकदा रात्री तीन वाजता. सत्तरीतल्या बाईला हे नको. थेट विमान मिळालं आणि परवडलं तर तेच घ्या. नाहीतर एकच बदल, मध्ये निदान तीन तास आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर. दोन वेगळी तिकिटं जोडून केलेल्या प्रवासात पहिलं विमान रखडलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही.

अमेरिकेत उतरून पुढे देशांतर्गत विमान असेल, तर पहिल्याच विमानतळावर तुमच्या बॅगा तुम्हाला पट्ट्यावरून उचलाव्या लागतात, कस्टममधून न्याव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. बॅगांवर शेवटच्या विमानतळाची चिठ्ठी लावलेली असली तरीही. माझ्या शेजारणीला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती पोचली डॅलसला आणि लाडू राहिले शिकागोत. अबू धाबीमार्गे गेलात तर अमेरिकेची पासपोर्ट तपासणी तिथेच उरकते, ही एक सोय.

तिकीट काढतानाच दोन गोष्टी नोंदवा. पहिली जेवण. 'हिंदू मील' म्हणजे शाकाहारी जेवण असं समजू नका, त्यात मटण-चिकन असू शकतं. शाकाहारी असाल तर 'एशियन व्हेजिटेरियन' म्हणजे एव्हीएमएल सांगा, कांदा-लसूणही नको असेल तर जैन जेवण. दुसरी व्हीलचेअर. पायऱ्या चढता येतात पण लांब चालवत नाही, तर 'डब्ल्यूसीएचआर' हा कोड सांगा. पायऱ्याही जमत नसतील तर डब्ल्यूसीएचएस. "मला काय धाड भरलीय, मी रोज तलावाला तीन चकरा मारते" असं मीही म्हणायचे. प्रश्न तब्येतीचा नाहीच. लांबलचक रांगा, न कळणाऱ्या सूचना आणि परक्या ठिकाणी दार शोधणं, यासाठी सोबतीला माणूस मिळतो. लाजू नका.

तपासून घ्या: प्रवासाच्या ४८ तास आधी कंपनीला फोन करून व्हीलचेअर आणि जेवण दोन्ही नोंदवलेलं आहे का, ते विचारा. एकदा माझी नोंद तिकीट बदलताना पुसली गेली होती.

ठाणे-नवी मुंबईकरांसाठी आणखी एक. २५ डिसेंबर २०२५पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनही विमानं सुटू लागली. दिल्लीला वगैरे जाऊन पुढे जाणार असाल, तर तिकिटावर 'बीओएम' आहे की 'एनएमआय' हे डोळ्यांत तेल घालून बघा. पहिलं मुंबईतलं सहारचं, दुसरं नवी मुंबईतलं उलव्याचं.

## ४. डॉक्टर, दात, विमा

निघण्याच्या दोन महिने आधी दातांच्या डॉक्टरकडे जा. प्रवास विम्यात दातांचं नेहमीचं काम बहुधा बसत नाही आणि तिकडे दाढ दुखली तर घरातला प्रत्येक जण डॉलरमध्ये हिशेब करू लागतो. चष्म्याची दुसरी जोडी याच सुमारास करून घ्या.

विमा घेताना फक्त रक्कम बघू नका. आधीपासूनच्या आजाराबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते शोधा. बीपी, साखर, गुडघे, जे असेल ते अर्जात लिहा. लपवलेला आजार दावा करताना बाहेर येतोच. पॉलिसीचा कागद आणि मदतीचा नंबर लेकाकडेही हवा.

औषधांच्या बाबतीत तीन चुका मी पुन्हा पुन्हा बघते.

एक, गोळ्या स्ट्रिपमधून काढून वारांच्या डबीत भरून नेणं. डबी तिकडे पोचल्यावर भरा. प्रवासात मूळ पाकीट आणि डॉक्टरची चिठ्ठी लागते. चिठ्ठीत ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही टाइप करून घ्या, कारण आपले ब्रँड तिकडे कुणाला ठाऊक नसतात.

दोन, औषधं मोठ्या बॅगेत टाकणं. ती बॅग दोन दिवस उशिरा आली तर? सगळी औषधं हातातल्या पिशवीत. इन्शुलिन तर नक्कीच, विमानाच्या पोटात ते गोठू शकतं. मुक्कामापेक्षा पंधरा दिवसांची जास्त घ्या. पण स्वतःच्या वापराची औषधं साधारण ९० दिवसांपुरती नेणं अमेरिकेत मान्य आहे. मुक्काम त्याहून लांबणार असेल तर पुढची सोय काय, हे डॉक्टर आणि लेक या दोघांशी आधीच बोला.

तीन, वेळा. उन्हाळ्यात न्यू यॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे असतं, कॅलिफोर्निया साडेबारा. म्हणजे सकाळची गोळी तिकडे रात्री. विमानात आणि पहिल्या दोन दिवसांत कोणती गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या. पायांना सूज येत असेल तर लांबच्या विमानप्रवासासाठीच्या घट्ट मोज्यांबद्दलही तेव्हाच विचारा.

## ५. घर पावसाळ्यात बंद राहणार आहे

हे कुणाच्या लक्षातच येत नाही. आपण निघतो कडक उन्हात आणि ठाण्यातलं घर जून, जुलै, ऑगस्ट बंद. मी परतले तेव्हा पैठणीवर बुरशी आणि डाळींत किडे होते.

डाळ-तांदूळ वाटून टाका. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवा. सिल्कच्या साड्या धुतलेल्या सुती कापडात बांधा. मोरीच्या जाळीवर झाकण घालून वर वजन ठेवा. पाइप गॅसची चावी, पाण्याचा मेन कॉक, मेन स्विच हे तिन्ही निघताना बंद. शेजारच्यांना किल्ली देऊन सांगा की उघडीप मिळाली की तासभर खिडक्या उघडा. वरच्या मजल्याची गळती असेल तर सोसायटीला आधीच पत्र द्या, परत येऊन भांडण्यात अर्थ नाही. दूध, पेपर, तुळस ही यादी सांगायची गरज नसावी.

## ६. फोन आणि बँक

आपला नंबर चालूच राहिला पाहिजे, कारण बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या, रिचार्जची मुदत परतीनंतरपर्यंत आहे ना बघा आणि रोमिंगमधला डेटा मात्र बंद ठेवा. नाहीतर बिल बघून चक्कर येते. तिकडचं सिम वेगळं मिळेल. व्हॉट्सअॅप 'नंबर बदलायचा का?' विचारेल, नाही म्हणा.

वीजबिल आणि सोसायटीचं मेंटेनन्स खात्यातून आपोआप जाईल असं करा. प्राप्तिकराचं विवरणपत्र भरत असाल तर ३१ जुलैची आठवण ठेवून जाण्याआधीच कागद सीएकडे द्या.

## ७. आता बॅग

निघण्याच्या दहा दिवस आधी, त्याआधी नाही. बहुतेक कंपन्या अमेरिकेसाठी २३ किलोच्या दोन बॅगा देतात, पण आपल्या तिकिटावर काय लिहिलंय तेच खरं. घरच्या वजनकाट्यावर आधी स्वतः उभ्या राहा, मग बॅग घेऊन. फरक हेच बॅगेचं वजन. २२ किलोंवर थांबा, काट्याकाट्यांत फरक असतो.

काय नेऊ नये, ते आधी:

- तांदूळ. आंबेमोहोर कितीही प्रिय असला तरी नाही, किडीच्या भीतीने अमेरिका आपल्या सामानातला तांदूळ काढून घेते.
- ताजी फळं. हापूसची पेटी म्हणजे विमानतळावरच्या कचऱ्याच्या डब्याला नैवेद्य.
- कढीपत्ता, ताजी पानं, रोपं, कुंडीतली माती.
- मांस असलेला कोणताही पदार्थ, सूपच्या पाकिटांसकट.
- अख्ख्या खोबऱ्याच्या वाट्या. सुकं खोबरं तेलकट असल्याने विमान कंपन्या त्याला ज्वलनशील मानतात. लाडवात, चटणीत घालून न्या.
- आपला मिक्सर. तिकडे वीज १२० व्होल्टची, आपला मिक्सर २३०चा. नुसता प्लग बदलून तो चालत नाही.

भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, पापड, कुरडया, चकल्या, लाडू खुशाल न्या, पण मोठ्या बॅगेत. अमेरिकेच्या विमानात ३५० मिलीपेक्षा जास्त पूड हातातल्या पिशवीत असेल तर अडवतात आणि मेतकूट म्हणजे काय हे त्या माणसाला पटवून देताना विमान सुटेल. लोणचंही मोठ्या बॅगेतच, बरणीचं तोंड चिकटपट्टीने बंद, वर दोन पिशव्या. प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत साधं नाव लिहा: भाजणीला 'रोस्टेड ग्रेन फ्लोअर' (भाजलेलं धान्याचं पीठ), मेतकुटाला 'लेंटिल पावडर' (डाळीची पूड). पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्या पिशवीतच. मोठ्या बॅगेत चालत नाही.

खबरदारी: उतरल्यावर "खाण्याचं काही आहे का?" असं विचारतात. "नाही" म्हणू नका. "हो, मसाले आणि घरचा फराळ" म्हणा. सांगितलेली वस्तू चालत नसेल तर काढून घेतात, एवढंच. लपवलेली सापडली तर दंड ३०० डॉलरपासून सुरू होतो.

## ८. विमानतळाचा दिवस

नौपाड्याहून सहार कागदावर तासाभराचं, पण संध्याकाळी पवईत अडकलात तर दोन तासांचं. घोडबंदर रोडच्या मंडळींनी आणखी एक धरावा. विमानाच्या चार तास आधी दारात पोचायचं या हिशेबाने घर सोडा. निरोप दाराबाहेरच उरका, रडणं गाडीतच.

गळ्यात एक लहान पाऊच अडकवा. त्यात पासपोर्ट, बोर्डिंग पास आणि एक कागद. कागदावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत: विमानाचा क्रमांक, मधलं विमानतळ, पुढच्या विमानाचा क्रमांक आणि वेळ, लेकाचं नाव, पत्ता, फोन. अधिकारी पत्ता विचारतोच, तेव्हा फोनची बॅटरी संपलेली असते.

व्हीलचेअर घ्यायची काउंटरवरच. विमान उतरलं की बाकीचे जाईपर्यंत जागेवर बसून राहा आणि हवाई सुंदरीला आठवण करा. मधल्या विमानतळावर बऱ्याचदा सगळ्या व्हीलचेअरवाल्यांना एका जागी आणून बसवतात आणि "थांबा" म्हणून माणूस निघून जातो. एकदा मी तिथे पन्नास मिनिटं शहाण्यासारखी गप्प बसले. पुढचं विमान सुटायला तास उरला की हातातला कागद वर करून जो गणवेशातला माणूस दिसेल त्याला दाखवायचा. इंग्रजी येण्याची गरज नाही, कागद बोलतो.

जागा कडेची मागा. दर दोन तासांनी उठा, पाणी प्या. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी न पिणं ही आपल्या बायकांची जुनी खोड, पंधरा तासांच्या प्रवासात ती महागात पडते.

## ९. तिकडे पोचल्यावर पहिला आठवडा

पहिल्याच दिवशी लेकाला घर फिरवायला लावा. विजेची शेगडी बंद केल्यावरही तापलेलीच असते, हात पोळतो. फोडणी घालण्याआधी पंखा चालू करून खिडकी उघडा, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो आणि मुलं कानावर हात ठेवून पळतात. दार बाहेरून आपोआप बंद होतं का, ते विचारा, मी एकदा गाऊनवर अंगणात अडकले होते. आंघोळीच्या टबमध्ये घसरू नये म्हणून रबरी चटई आणि धरायला दांडी, ही मागणी पोचण्याआधीच करा. तातडीचा नंबर ९११. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघायचं, तिकडे गाड्या उजव्या बाजूने चालतात.

नातवंडं पहिले दोन-तीन दिवस आईच्या मागे लपतील. मुके घेत सुटू नका. पत्ते किंवा सागरगोटे घेऊन जमिनीवर बसा आणि एकट्याच खेळायला लागा. आमचा धाकटा दुसऱ्या दिवशी पायाच्या बोटाने सागरगोटा ढकलून गेला, तिसऱ्या दिवशी मांडीत. ते इंग्रजीत बोलले तरी तुम्ही मराठीतच उत्तर द्या. "मराठी का येत नाही?" हे मात्र त्यांच्यासमोर आईबापांना विचारू नका.

सुनेच्या ओट्यावरच्या डब्यांच्या जागा बदलू नका. हे मी स्वतः केलंय, म्हणून सांगते.

आता ते राहिलेलं बोलणं. दिवसभर मुलांकडे तुम्ही बघायचं की थोडा वेळ, गाडी नसताना तुम्ही कुठे जाणार, थकलात तर कसं सांगायचं, हे पहिल्या रविवारीच चहा पिताना स्पष्ट बोला. चालत जाण्याजोगं ग्रंथालय किंवा बाग जवळ आहे का, विचारा. आठवड्यातला एक दिवस स्वतःचा ठेवा.

## १०. परतीची तयारी

परतीच्या बॅगेचं वजन जाताना इतकंच भरतं, चॉकलेटं जड असतात. परतीच्या तिकिटावरही व्हीलचेअर आणि जेवण पुन्हा तपासा. जाताना नोंदवलेलं येतानाला लागू असेलच असं नाही. आय-९४ वरच्या तारखेच्या आत निघताय ना, ते एकदा बघा.

शेजारणीला दोन दिवस आधी कळवा. तिने खिडक्या उघडून, मेन कॉक सुरू करून, अर्धा लिटर दूध आणून ठेवलं तर पहाटे चारला दार उघडल्यावर कोंदट वास येत नाही आणि चहा मिळतो. तिच्यासाठी आणलेलं चॉकलेट हातातल्या पिशवीत वर ठेवा, बॅगा उघडायला आठ दिवस लागतात.